नकाशात होता तो दगड

त्या ऑगस्टात बाबांनी एक नकाशा विकत घेतला,
दक्षिणेतल्या मिनेर्व्वाच्या टेकड्यांचा, निळ्या पुठ्ठ्याचा,
आणि आम्हा पाच जणांना त्याच्या हवाली केलं.

रुबेहून रात्रभर गाडी हाकत आलो होतो,
विटांच्या, गिरण्यांच्या गावाहून,
जिथं ऊन म्हणजे एक अफवा.
इथं ते सकाळी आठलाच मानगुटीवर.

"पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं," बाबा म्हणाले,
"दीड तासाचा तर रस्ता."
आईनं पीच धुऊन टॉवेलात बांधले, पाव घेतला,
आणि 'दीड तास' या शब्दांकडे
ती बघते तसं बघितलं.

द्राक्षमळा लांबून हिरवा,
आत शिरलं की निळसर: पानापानावर वाळलेला मोरचूद.
खोडं माझ्या कमरेएवढी,
पिळून ठेवलेल्या धुण्यासारखी.
घोसांत निम्मे मणी जांभळे, निम्मे अजून हट्टाला पेटलेले.
ल्यूदोविकनं त्यातला एक चोरला.
त्याचं तोंड पाहून बेरांजेर एवढी हसली
की तिला रस्त्यातच बसावं लागलं.
प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाब होता.
कशासाठी, ते बाबांनी सांगितलं,
पण ते त्यांनी तिथल्या तिथं रचलं असावं.

फाटा आला. नकाशात फाटा नव्हता.
ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याला विचारलं.
त्यानं हात असा फिरवला
की त्यात डोंगर, ढग, शेजाऱ्याचं शेत, सगळंच आलं.
बोलला आमचीच भाषा,
फक्त शब्दाच्या शेवटचं जे अक्षर आम्ही गिळतो
ते तो चघळून चघळून बाहेर काढायचा.

तिसऱ्या तासाला बाबांची मान लाल.
"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले,
"रस्ता चुकलाय."
सप्टेंबरात गिरणी बंद होणार हे आईला माहीत होतं,
आम्हाला नाही.
आम्हाला एवढंच कळलं
की आज या कागदाला कुणी नावं ठेवायची नाहीत.
आईनं पाण्याची बाटली त्यांना आधी दिली.
एरवी आधी बेरांजेरला मिळायची.

मग झुडपांत एक चपटा दगड दिसला.
म्हणजे दिसला नाही,
बेरांजेर त्यावर आधीच बसली होती,
बूट काढून, "मी आता मेले तरी उठणार नाही" म्हणत.
तिथंच पाव मोडला. पीचचा रस कोपरापर्यंत गेला.
बिया आम्ही दगडाच्या कडेनं ओळीत मांडल्या.
बाबा दगडावर आडवे झाले,
तोंडावर नकाशा घेतला
आणि घोरू लागले.
आई म्हणाली, "उठवू नका."
तासभर कुणीच उठवलं नाही.
झाडांतले किडे करवत चालवल्यासारखे ओरडत होते
तरीही.

थडगं काही सापडलं नाही.

रात्री घरमालकीण मादाम एस्कांद शेंगा सोलत होत्या.
बाबांनी हरल्याची हकिकत सांगितली,
आईनं दगडापर्यंतची.
"चपटा?" मादाम म्हणाल्या, "एका कोपऱ्याला भेग?
अहो, तेच की ते.
भिंती गेल्या मातीत, छप्पर तेवढं उरलंय."
एक शेंग परातीत पडली, ती ऐकू आली.

आधी आई हसली.
मग बाबा, आणि ते थांबेचनात,
टेबलाची कड धरून, डोळे पुसत,
शेवटी शेवटी ते हसणंच होतं का, मला नीट सांगता येणार नाही.
बेरांजेर मात्र रडली:
मेलेल्या माणसांच्या छपरावर आपण खरकटं टाकून आलो!

नकाशा आता माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय.
एका जागी पेन्सिलीचं वर्तुळ
आणि बाबांच्या अक्षरात: इथे जेवलो.

बिया अकरा होत्या, मी स्वतः मोजल्या होत्या.
प्रत्येकी दोन, मग अकरावा पीच कुणी खाल्ला
यावर आम्ही तिघं अजून भांडतो.
"खालच्यांनी," ल्यूदोविक म्हणतो,
आणि विषय बदलतो.
त्यानंच खाल्लाय.